रेशनचा तांदूळ आणि आमचा डाएट चार्ट

किस्से काही मी मुद्दाम जमवत नाही. संताप आला की मी तो गिळते, आणि गिळलेलं जातं कुठं? साठतं! इचलकरंजीच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात, शुगर-बीपीच्या खोलीत मी आहार सल्लागार म्हणून बसते. गरीब माणसाला 'कमी खा' सांगायचं, हे माझं काम. या खुर्चीत पाच वर्षं काढा, तुमच्याकडेही पोतंभर किस्से होतील.

*

पहिला मान चार्टचा! वरून रंगीत डाएट चार्ट आला. सकाळी ओट्स, अकराला पाच बदाम आणि किवी, दुपारी वाटीभर डाळ, सॅलड, रात्री पनीर. मी तो कौतुकानं भिंतीवर लावला. माझीही अक्कल बघा!

अक्काताई आत आली. ही यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी बाई. वय पंचेचाळीस, शुगर, बीपी, दोन्ही गुडघे गेलेले आणि अंगानं भरपूर जाड. दिवसभर एका जागी काम आणि तिन्ही वेळ भात, कारण घरात तेवढंच असतं. मी तिला चार्ट वाचून दाखवला.

"ह्यातलं रेशनला काय मिळतंय?"

"काहीच नाही."

"डाळ तरी?"

"नाही. तांदूळ. गहू आला तर आला."

"मग ह्यो कागुद रेशनवाल्याच्या भित्तीला लावा की! माज्याम्होरं कशाला वाचताय?"

मी रजिस्टरमध्ये 'सल्ला दिला' असं लिहिलं. तसं लिहावंच लागतं.

*

तांदळाचा किस्सा आमच्या सुनीताचा. सुनीता आशा सेविका, गल्लोगल्ली फिरणारी. एकदा भर दुपारी अक्काताईच्या दारात पाच-सहा बायका सुपं घेऊन रेशनचा तांदूळ निवडत बसलेल्या. खडे नव्हे! त्यातला एकेक जास्त पांढरा दाणा वेचून कोंबड्यांपुढं टाकत होत्या.

"प्लास्टिकचा तांदूळ हाय ह्यो! पाण्यावर तरंगतोय बगा!"

सुनीतानं कपाळाला हात लावला. अख्ख्या पोत्यात सरकारनं मुद्दाम मिसळलेले, लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे तेवढेच होते! बायकांनी नेमके तेच कोंबड्यांना घातले आणि नुसता पांढरा भात स्वतःला ठेवला.

ती तावातावानं पुरवठा खात्याच्या साहेबांकडे गेली. "तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?"

साहेब म्हणाले, "पोत्यावर छापलंय की, इंग्लिशमध्ये!"

अहो, पोतं दुकानात राहतं, बायकांच्या हातात पिशवी येते! एवढंही कुणाच्या डोक्यात येऊ नये? त्या महिन्यात अक्काताईच्या कोंबड्या मात्र छान तुकतुकीत झाल्या.

*

मग आमचं 'लठ्ठपणा हटाव' शिबिर! ते सणाच्या तोंडावर ठेवलं आणि त्याच सकाळी रेशनवर सणाचं किट वाटलं. साखर, रवा, मैदा, पामतेल. बायका पिशव्या घेऊन थेट शिबिरात येऊन बसल्या.

डॉक्टर नवे, तरुण, हातात माईक. "साखर बंद! मैदा बंद! तेल निम्मं!" प्रत्येक शब्दाला बायका मांडीवरच्या पिशवीत डोकावत होत्या.

शेवटी मागची एक आजी उठली. "डागदर, पिशवीवर ज्येंचा फोटू हाय त्येंला सांगा की! आमाला कशाला वरडताय?"

डॉक्टरांनी माईक खाली ठेवला. मग सगळ्यांना गोड चहा आणि शिरा दिला. तो बजेटमध्येच होता.

*

कागलच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मला आहारावर बोलायला बोलावलं होतं. जेवताना मॅनेजरसाहेब म्हणाले, "मॅडम, फुकटचं धान्य बंद करा, ही माणसं आपोआप बारीक होतील!"

साहेबांच्या ताटात शाळू ज्वारीची भाकरी, मोड आलेले मूग आणि दोन अंडी. त्यांचं डाएट चालू होतं! अक्काताईची आई जन्मभर तीच भाकरी खाऊन काटक राहिली, कारण तेव्हा गरिबाला तेच परवडायचं. आता शाळू महाग आणि फुकट काय, तर तांदूळ.

मी म्हणाले, "साहेब, महिनाभर ताटं बदला. तुम्ही आमच्या अक्काताईचं जेवा, ती तुमचं जेवेल. मग बघू कोण बारीक होतंय!"

तिथून पुन्हा बोलावणं आलेलं नाही.

*

आणि हे गेल्या महिन्यातलं. रेशनकार्डांची तपासणी सुरू झाली. जे गरीब नाहीत त्यांची नावं कमी करायची. गल्लीतल्या कुणीतरी तक्रार केली, अक्काताईची तब्येत बघा, ही कुठली गरीब! नवरा अर्धांगानं पडून, दोन पोरी शाळेत. नाव गेलं तर तो भातही बंद. ती घाबरून आमच्या डॉक्टरांकडे आली.

"मी गरीब हाय म्हणून दाखला द्या."

"आजाराचा देतो," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "गरिबीचा फॉर्म आमच्याकडे नाही."

तपासणीच्या दिवशी मी तिच्यासोबत रेशन दुकानात गेले. टेबलामागच्या साहेबांनी तिला खालून वर न्याहाळलं आणि हसत म्हणाले, "बाई, तुम्ही चांगल्या खात्यापित्या घरच्या दिसताय! गरिबाचं अंग असं असतंय होय?"

दुकानात ही गर्दी. सगळे फिदीफिदी हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काताईनं चपला काढल्या आणि ती धान्याच्या काट्यावर जाऊन उभी राहिली.

"किती आलं?"

दुकानदार चाचरत म्हणाला, "ब्याण्णव किलो."

"लगीन करून आले तवा पंचेचाळीस हुते. वरचं समदं ह्या दुकानातलं हाय." अक्काताईनं साहेबांकडे बघत पदर खोचला. "माजं नाव कमी करताय न्हवं, सायेब? करा की! पर आदी तुमचा माल उतरून घ्या!"