चांगूच्या देशाचं चौथं कलम

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला अकरा घरांची एक वाडी आहे, आणि त्या वाडीतल्या चांगूचा स्वतःचा एक देश आहे. हसू नका. वाडीतले लोक हसून हसून दमले, देश आहे तिथेच आहे.

चांगूने सत्तावीस वर्षं पोलादपूरच्या एका शाळेत शिपायाची नोकरी केली. रद्दीत निघालेली भूगोलाची पुस्तकं तो घरी आणायचा. त्यात प्रत्येक देशाचं सगळं ओळीने लिहिलेलं असायचं: राजधानी, पिकं, उद्योगधंदे, लोकजीवन. वाचता वाचता त्याच्या मनाने घेतलं, की असा एक देश आपणही लिहावा. निवृत्त झाल्यावर त्याने दोनशे पानी वही आणली आणि लिहून काढला. नाव ठेवलं सावडदेश. राजधानी पोलादपूर, कारण एसटी स्टँड तिथे आहे.

सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या भाताच्या खाचरात, उद्या आम्ही तुमच्या. वाडीची लावणी-कापणी अशीच होत आली आहे. चांगूचं म्हणणं, याच रीतीवर अख्खा देश चालेल. त्याच्या देशात जमीन, पाणी आणि भाताची गिरणी सगळ्यांची. कोंबड्या तेवढ्या ज्याच्या त्याच्या, कारण तो मुद्दा निघताच बायको येसूबाई चूल सोडून भांडायला बाहेर आली होती. पंगत एकच. आडनावं नाहीत. आणि ज्याच्या शेतात सावड, तो त्या दिवसाचा राष्ट्रपती: त्याचा हुकूम सगळ्यांनी ऐकायचा आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती पुन्हा चिखलात. आपल्या खऱ्या पुढाऱ्यांना हे झेपायचं नाही, ते सोडा.

चौथं कलम मात्र चांगूचं फार लाडकं होतं. 'जो सावडीला हात देईल, त्यालाच सावडीचे हात मिळतील.' ऐतखाऊंचा कायमचा बंदोबस्त, असं तो म्हणायचा.

गेल्या वर्षी लावणीची बैठक बसली, तेव्हा शेजारची तुळसाकाकी उठून उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली एकटी बाई, मुलगा-सून घाटकोपरला, गुडघे पार गेलेले.

"माझी दोन खाचरं तेवढी लावून द्या रे. माझ्याच्यानं आता वाकवत नाय."

लोक हो म्हणणारच होते. तेवढ्यात चांगूने वही उघडली आणि चौथं कलम मोठ्याने वाचून दाखवलं. वाईट बुद्धीने नव्हे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बैठकीत आपल्या वहीचं काम निघालं, या आनंदातच तो वाचून गेला. हो म्हणणाऱ्यांनी माघार घेतली. कागदावरचं कोणी वाचून दाखवलं की आपल्याकडे असंच होतं. तुळसाकाकी "बरं" म्हणून घरी गेली. तिची खाचरं पड राहिली. त्यानंतर ती समोरून येताना दिसली की चांगू उगाच चप्पल बघायचा.

दिवाळीच्या तोंडावर बांधावरून पाय घसरून चांगूचा उजवा हात मोडला. महाडहून प्लास्टर घालून तो परत आला, तेव्हा भात पिकून पिवळंधमक झालं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. पाऊस यायच्या आत कापलं नाही, तर वर्षाचं खाणं मातीत जाणार. धोंडू आणि वाडीतली बाकीची माणसं विळे घेऊन अंगणात आली.

"नको," चांगू म्हणाला. "मला यंदा कुणाच्या कापणीला हात देता यायचा नाय. कलम हाय."

"चुलीत घाला ते कलम!" येसूबाई कडाडली. "खाणार काय वरीसभर?"

"काकीला लावलं, ते मला नको लावू?" शरमेने चांगूला मान वर करवेना. माणसं अंगणातच घुटमळत राहिली.

इतक्यात काठी टेकत तुळसाकाकी आली. दुसऱ्या हातात विळा. ती थेट चांगूच्या खाचराकडे गेली, बसत-सरकत बांध उतरली आणि बसूनच कापायला लागली. चांगू प्लास्टर सांभाळत मागे धावला.

"काकी, कलमात बसत नाय हे!"

"तुझं कलम तुझ्या देशात," काकी मान वर न करता म्हणाली. "मला तर तू देशाबाहेर काढलंस. मला कशाला लागू व्हतंय ते?"

आधी धोंडू हसला, मग सगळेच. हसत हसतच माणसं खाचरात उतरली. चांगू एकटा बांधावर उभा राहून रडला, आणि कोणी बघतंय याची त्याला पर्वा नव्हती. दिवस मावळायच्या आत सगळं भात घरात आलं.

त्याच संध्याकाळी त्याने वही मांडीवर घेतली. चौथं कलम खोडलं आणि डाव्या हाताने नवं लिहिलं: 'ज्याला हात देता येत नाही, त्याच्या शेतात सावड आधी.' अक्षर पहिलीतल्या पोराचं. प्लास्टर निघालं की नीट लिहून काढा, असं येसूबाई म्हणाली. हात बरा झाला, पण चांगूने ते तसंच ठेवलं.

यंदाच्या लावणीची सावड पहिल्याच दिवशी तुळसाकाकीच्या खाचरात उतरली. काकीने पहाटेपासून रांधून ठेवलं होतं. बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ती रोपांच्या मुठी फेकत होती आणि मधूनच पदराने डोळे पुसत होती. चांगूने सगळ्यांसमोर वहीतून वाचून दाखवलं, की आजची राष्ट्रपती तुळसाकाकी.

"म्हणजे माझा हुकूम चालतो?" काकीने विचारलं.

"चालतो तर."

"मग ठेव ती वही खाली. त्या कोपऱ्यात रोपं वाकडी लावलीस, ती उपट आणि नीट लाव."

चांगूने वही बांधावर ठेवली आणि तो मुकाट्याने रोपं उपटायला लागला.