न लागलेला चटका

फिनॉल थंडीत बाटलीतच गोठतं. रायपूरची थंडी त्याला पुरते. म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस दीदी डिसेंबरात ती बाटली सकाळीच खिडकीत उन्हाला ठेवतात. तासापर्यंत ते वितळतं, आणि वीस वर्षं शिकवूनही ती बाटली उचलताना मला भीती वाटते.

बारावीला मी एक पॉलिमर करून दाखवते. बीकरमध्ये फिनॉल, फॉर्मॅलिन आणि ॲसिटिक आम्ल घ्यायचं, बीकरला ओलं फडकं गुंडाळायचं आणि लांबून हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडायचे. बराच वेळ काही होत नाही. मग एकदम उकळी फुटते आणि गुलाबी गोळा बसतो. आम्ल मीच सोडते. फिनॉल मोजायचं काम पूर्वी मुलांकडे असे. नियम एकच होता: ज्याच्या हातून सांडलं, तो वर्गाबाहेर. नियम माझा होता आणि मला तो आवडायचा.

एका वर्षी मोजायला एक पोरगी होती. गुढियारी मोहल्ल्यातली, वडील रेल्वेत, घरात मराठी. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. भावाचं लग्न नुकतंच झालेलं, हात कोपरापर्यंत मेहंदीनं भरलेले. हातमोजे तिला सैल होत होते, ते तिनं काढून ठेवले. हे मला नंतर कळलं.

गोळा चांगला झाला. धुतला, फोडला, आणि एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकला. मऊ पडतो का ते बघायचं होतं. चिमट्यानं काढून जाळीवर ठेवला आणि म्हटलं, जरा निवू द्या, मग नखानं दाबून बघा. निवायला कोण थांबतंय! पहिल्यानं बोट लावलं आणि ओरडला. दुसरीनं ओढणीत धरला. या पोरीनं सरळ उचलून तळहातावर घेतला आणि नखानं दाबत बसली.

"मॅडम, इसकी चमड़ी मगर की है!" मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

मी हसले नाही. तुकड्यातून वाफ निघत होती.

"तुले चटका नाही लागून राहिला?"

"नहीं मॅडम. कुछ लग ही नहीं रहा."

फिनॉल कातडीवर पडलं की आधी जळजळतं, मग तिथली जाणीवच जाते. दुखायचं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं माणूस समजतो, आणि ते आत शिरत राहतं, रक्तात जातं. मी तुकडा बाजूला काढला आणि तिचा तळहात खिडकीशी नेला. मेहंदीच्या लाल रेघांच्या मधली कातडी पांढरी, सुरकुतलेली होती. रेघांनी ती झाकली होती.

"कधी सांडलं?"

तिनं हात सोडवायला ओढला.

"पोरी, कधी?"

"तौलते समय. थोड़ा-सा. गीले कपड़े से पोंछ लिया था." मग हळूच, "बाहर मत निकालिए, मॅडम."

फिनॉल मोजल्याला चाळीस मिनिटं झाली होती. आणि ओल्या फडक्यानं तिनं ते पुसलं नव्हतं, पसरवलं होतं.

नळाची धार बारीक होती. दीदी बादली घेऊन धावल्या आणि तांब्यामागून तांब्या ओतू लागल्या. मी हात धरून होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. चक्कर येते का? श्वास नीट आहे का? ओठ कसे दिसतात? ती थंड पाण्यानं कुडकुडत होती, आणि ते थंडीनं की विषानं, हे मला कळायला मार्ग नव्हता. पंधरा मिनिटं मी घड्याळ बघून काढली. मग तिला गाडीत घातलं. वाटेत दर सिग्नलला मी तिला पाढे म्हणायला लावले. सतराच्या पाढ्याला ती अडखळली आणि मी हॉर्न दाबून धरला. तिला सतराचा पाढा कधीच येत नव्हता, हे नंतर तिच्या वडिलांनी सांगितलं.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "धोने में कितनी देर हुई?" वडील तेवढ्यात पोचून माझ्या शेजारी उभे होते. दहा मिनिटं म्हणावं असं एक क्षण वाटलं. चाळीस सांगितली.

"पण हिनं सांगितलं काहून नाही?" वडील म्हणाले.

"मी वर्गाबाहेर काढते म्हणून."

संध्याकाळपर्यंत तिच्या छातीला तारा लावून ठेवल्या होत्या. हृदय ठीक निघालं. तळहाताची कातडी मेहंदीसकट सोलून निघाली. बोटांना जाणीव यायला बरेच दिवस लागले.

फिनॉल आता मीच मोजते. नियम काढून टाकला. तरी तास संपल्यावर पोरांना ओळीनं उभं करते आणि प्रत्येकाच्या दोन्ही तळहातांवर पेन्सिलीचं टोक टेकवते.

"लागतं?"

"हव, मॅडम." ती हसतात. त्यांना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो. मी मात्र होकाराचा तो 'हव' ऐकू येईपर्यंत पुढच्या पोराकडे जात नाही.