समोरच्या चाकांवर दया

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पारशिवनीकडच्या आमच्या गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार होते. अंगाने अवाढव्य, आवाजाने त्याहून मोठे, आणि बुद्धीचं म्हणाल तर तिथे कायमचा दुष्काळ. नागपूरचा एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची फ्रेंच मोटार यांनी घेतली. गरज काही नव्हती. शेजारच्या गावच्या मालगुजाराकडे मोटार आली होती, एवढंच कारण.

ही मोटार जराशी निराळी होती. इतर मोटारींना मागची चाकं ढकलत, हिला समोरची ओढत. साहेबाने देताना समजावलं होतं, की इंजिनाचा सगळा भार समोरच्या चाकांवर आहे आणि त्यातच तिचं बळ आहे. म्हणून ती वळणावरही रस्ता सोडत नाही. मोठेबाबांनी त्यातलं 'ओढतात' एवढंच उचललं आणि बाकीचं साहेबाच्या बंगल्यावर ठेवून आले.

ओढणारा म्हटला की त्यांना एकच प्राणी ठाऊक. "समोरचे चाकं वढते ना गा? मंग तेच बैल झाले," ते माझ्या वडिलांना सांगत. "बैलाच्या मानेवर वझं टाकते का कोणी?" बंडीत, म्हणजे बैलगाडीत, भार फार पुढे गेला की जू बैलांच्या मानेत रुततं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. भार फार मागे गेला की बंडी उलार होते आणि जू वर उचललं जातं, हेही त्याच पोराला कळतं. पण मोटारीला जूच नाही, मग ती उलार होणार कशी, असा मोठेबाबांचा सवाल होता. त्यावर वडील मान डोलवत. वडिलांचं आयुष्य मान डोलवण्यातच गेलं.

तेव्हा बिचाऱ्या समोरच्या चाकांना आराम मिळावा म्हणून मागे डिकीत तुरीची पोती कायमची भरून ठेवलेली असत. मागच्या सीटवर मोठेबाबा स्वतः, ते एकटेच पोत्यांना भारी. पुढे फक्त काटकुळा ड्रायव्हर, आणि त्याच्या शेजारच्या गादीवर मोठेबाबांचा पानाचा डबा. कामठीच्या रस्त्यावर वळण आलं की गाडीचं तोंड वळे आणि मागचा भाग सरळ शेतात निघे. ड्रायव्हर स्टिअरिंगला लोंबकळून ती कशीबशी रस्त्यावर आणी. मोठेबाबा खूश होऊन म्हणत, "जवान घोडी हाय, नाचते."

मी त्या वेळी नागपुरात वसतिगृहात राहून शिकत होते आणि परीक्षेआधीच्या सुटीला गावी आले होते. मॅट्रिक झाली तर पुढे शिक, नाही तर वैशाखात लग्न, असा घरात निकाल लागला होता. तो अर्थात मोठेबाबांनी लावलेला. पहिला पेपर दुपारचा होता. मी आदल्या दिवशीच सर्व्हिस मोटारीने जाते म्हटलं, तर ते भडकले. घरी मोटार असताना मालगुजाराची पुतणी भाड्याच्या मोटारीत बसणार? सकाळी निघू, पाहता पाहता पोचू. वडिलांनी मान डोलवली.

सकाळी मोठेबाबा, वडील आणि मी मागच्या सीटवर बसून निघालो. गावाबाहेरच्या कोरड्या नाल्यात गाडी उतरली ती मजेत. पलीकडचा चढ सुट्या मुरमाचा होता. अर्ध्या चढावर समोरची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, खडे उडाले, आणि गाडी घसरत पुन्हा तळाशी आली. ड्रायव्हरने परत प्रयत्न केला. परत तेच. चढावर नाक वर झालं की होता नव्हता तो भार मागे जात होता आणि ओढणाऱ्या चाकांना जमिनीवर टेकायलासुद्धा वजन उरत नव्हतं. हे मला दिसत होतं. त्यासाठी मॅट्रिक व्हावं लागत नाही.

"मोठेबाबा, पोते काढू आपण. अन् तुमी समोर बसा ना," मी म्हटलं.

"काहून वं? मी डायवरच्या बाजूले बसू?"

"चाकावर वजन पडन. मंग चढन गाडी."

"आधीच दमले ते चाकं, अन् तू अजून वझं टाकून राहिली त्याइच्यावर! तुले काय समजते गाडीतलं?"

मग वडील आणि मी खाली उतरून मागून ढकलायला लागलो. मोठेबाबा आतच बसून राहिले, कारण जोडे खराब झाले असते. परीक्षेला म्हणून नेसलेलं माझं लुगडं धुळीने भरलं. पानाचा डबा मात्र पुढच्या गादीवर ऐटीत होता.

शेवटी ऊन तापलं आणि मोठेबाबांना भूक लागली. आम्हाला आत बसवून त्यांनी ड्रायव्हरला फर्मावलं, "ने वापस घरी." ड्रायव्हरने गाडी तशीच उलटी मागे घेतली, आणि गावाकडचा चढ, तितकाच उभा, तसल्याच मुरमाचा, ती एका दमात चढून गेली. एकही खडा उडाला नाही. आता गाडीचं नाक उताराकडे होतं, आणि पोत्यांसकट, मोठेबाबांसकट सगळा भार समोरच्या चाकांवर येऊन पडला होता.

मी ओरडलेच. "मोठेबाबा, खाली नाल्यात नेऊन फिरवा गाडी! तो चढ असाच उलटा चढू! अजून टाइम हाय!"

वेळ खरंच होता. दोन्हीकडच्या चढांमध्ये गाडी वळवायला जागाही होती.

"उलटा?" मोठेबाबा म्हणाले. "मालगुजाराची गाडी ढुंगण समोर करून नागपूरले जाईन? लोक पाहून राहिले ना."

लोक म्हणजे काठावर एक म्हातारा आणि त्याच्या बकऱ्या. मी वडिलांकडे पाहिलं. जन्मात एकदा त्यांनी तोंड उघडावं, एवढीच माझी आशा होती. त्यांनी उघडलंही.

"दादा म्हणते ते बराबर हाय," ते म्हणाले.

तिकडे पेपर सुरू झाला असेल तेव्हा मोठेबाबा घरी ताटावर बसले होते आणि मला वाढायला उभं केलं होतं. वैशाखात काय होणार हे मला कळून चुकलं होतं. पहिला घास तोंडात असतानाच ते वडिलांना म्हणाले, "पाह्यलं का गा, कशी चढली!" आणि वडील हसले. मोठेबाबांची मला कीव तरी करता आली असती. वडिलांच्या त्या हसण्याचा मला तिटकारा आला, आणि ते गेले त्या दिवशीही तो तसाच होता.