वृंदाने पुसू दिलेलं चित्र

चहा गाळत होतो तेव्हा फोन आला. वृंदाच्या शेजारच्या काकू होत्या. "वृंदाताई गेल्या हो... झोपेतच." मी गॅस बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला आणि वेड्यासारखा तो चहा दोन कपांत ओतला. त्याला आता काही आठवडे झाले. अजूनही पहाटे अर्धवट झोपेत कंपनीच्या बसेसचे हॉर्न ऐकू येतात आणि वाटतं, ही बाई दारात उभी आहे, कालच्या भांडणातला एखादा मुद्दा तिला आत्ता सुचलाय... मग जाग येते आणि दारात कुणी नसतं.

मी आकुर्डीत कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो, ती शाळेत चित्रकला शिकवायची, जुनी मैत्री आमची. तिने लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलंही नाही. सुट्टीच्या दिवशी मला ओढत चाकणच्या कांदा बाजारात न्यायची. ती पोत्यावर बसून हमालांची चित्रं काढायची आणि वाऱ्यावर कांद्याची गुलाबी टरफलं उडत राहायची, तिच्या केसांत, कागदावर, माझ्या डब्यात. त्या दुपारी मला आता आठवतात त्या पाण्याखालून पाहिल्यासारख्या. आवाज ऐकू येत नाही, नुसतं ऊन आणि टरफलं. ती मात्र सारखी बोलत असायची हे नक्की, कारण तिला गप्प बसता येतच नव्हतं.

चाकणजवळच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला दत्ता नावाचा माणूस गुदमरून मेला. वर्तमानपत्रात फोटो आला आणि वृंदाने तो पाहून भिंतीएवढ्या कॅनव्हासवर चित्र काढलं. दोरखंडाने वर ओढलेला, चिखलाने माखलेला दत्ता. तैलरंगाचा थर इतका जाड, की आठवडे गेले तरी बोटाला लागायचा. आमच्या इथे एका जुन्या शेडमध्ये कारखान्यांच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे, तिथे ते लागलं. दुसऱ्याच दिवशी विश्वस्त मंडळींचा सूर सुरू झाला, "मॅडम, शहराची बदनामी होते. देणगीदार नाराज आहेत." वृंदा कसली ऐकतेय! "चित्र उतरवायचं तर मला आधी उचलून बाहेर ठेवा," म्हणाली. मी तर खूश. दालनाच्या दारात चटई टाकून आम्ही बसलो, पोरं जमली, घोषणा झाल्या. लढाई सरळ होती. ते झाकणारे, आम्ही दाखवणारे.

मग सुनंदा आली, दत्ताची बायको. कंपनीच्या कँटीनमधली पहिली पाळी संपवून तशीच आली होती. चित्रासमोर उभी राहिली आणि वृंदाला म्हणाली, "आमी त्यांना ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं व्हतं बाई. नवं धोतर नेसवलं. सासूनं केस विंचरले. तवा कुठं उचलू दिलं. तुमी त्यांना परत त्या घाणीत उभं केलंत." मीच तोंड उघडलं, म्हटलं, ताई, हे जगाला दिसायला हवं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमच्यातला कुणी उतरला असता का त्या टाकीत? उतरायला आमचीच जात, आन् बगायला जग व्हय?"

वृंदा विचारायला गेलीच नव्हती त्यांच्या घरी. बाजारात हमालाला विचारल्याशिवाय कधी पेन्सिल न टेकवणारी बाई! रागाच्या भरात चित्र काढलं आणि त्या माणसाला घर होतं हेच विसरली. तिने कोपऱ्यातून रंग पुसायचं टर्पेंटाइन आणि जुनं सुती धोतर आणलं, सुनंदापुढे धरलं. म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं." मी ओरडलो. अगं, उद्या कुणीही बादली घेऊन येईल, मग कुठल्या तोंडाने नाही म्हणशील? ती म्हणाली, "येऊ दे की. विचारीन, तुझं माणूस होतं का?"

सुनंदाने कपाळापासून सुरुवात केली. कपाळ, डोळे, कान, मान... घरच्या माणसाला न्हाऊ घालावं तसं हळूहळू. वृंदा धोतर पिळून देत होती. दोघी रडत होत्या, दालनभर टर्पेंटाइनचा वास दाटला होता आणि खिडकीतून आलेल्या उन्हात सगळं डुलत असल्यासारखं वाटत होतं. शेवटी चित्रातल्या काळ्या टाकीत माणसाएवढा फिकट, स्वच्छ डाग उरला. ते चित्र वृंदाने तसंच टांगून ठेवलं. विश्वस्तांनी ते उतरवायचा विषय सोडून दिला, बाकी कशाला गर्दी झाली नव्हती एवढी त्या डागाला झाली.

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही, आणि ती गेली म्हणून मी पटल्याचं नाटक करणार नाही. सुनंदाला मात्र तेव्हापासून वृंदाकडे येण्याची सवय लागली. दोघी भाजी निवडत बसायच्या. मी गेलो की वाद घालायचो, आणि वृंदा म्हणायची, "सुनंदा, याला चहा दे गं, म्हणजे दोन मिनिटं तरी तोंड बंद राहील."

फोन आला त्या सकाळी मी वृंदाच्या घरी पोचलो तेव्हा आत तिला न्हाऊ घालायला पाणी तापत होतं. तिच्या भाचीचं विमान संध्याकाळचं होतं. घरचं बाईमाणूस कुणी नाही म्हणून सुनंदाच पदर खोचून पुढे झाली. सोसायटीतल्या एकदोघींनी नाकं मुरडली, हिच्या हातून कसं, अशी कुजबुज झाली. काकूंनी त्यांना एका नजरेत गप्प केलं. मी बाहेर, बंद दाराशी. आतून पाण्याचा आवाज येत होता... संथ, थांबत थांबत. मग काकूंचा आवाज आला, "अगं, नखांत निळा रंग बसलाय बघ, निघता निघत नाही. त्यांचं ते टर्पेंटाइन मागू का?"

पाण्याचा आवाज थांबला.

"ऱ्हाऊ द्या," सुनंदा म्हणाली. "ती काय घाण न्हाई."