मालकांच्या शर्टांची वाकळ

आमचे मालक गेले तेव्हा मी रडले कमी आणि दमले जास्त. कारण आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. वयानं त्यांचं भान सुटलं होतं. लेक गेल्याचं सांगितलं तरी विसरत आणि नव्यानं विचारत. मालक आमच्या गोरेगावातून हिंगोलीला जीप चालवायचे. दिवस कलला की आत्या काठी घेऊन जीपच्या अड्ड्याकडे चालू लागायच्या. "बाळू आला न्हाई अजून?" भेटेल त्याला हेच विचारत. मी मागून धावत जायची आणि त्यांना ओढत घरी आणायची. रात्री त्या झोपत नसत, मलाही झोपू देत नसत. मी कोण हेही त्यांना ठाऊक राहिलं नव्हतं. "तू कुणाची गं बाई?" म्हणत आणि मी वाढलेलं जेवत.

लग्न होऊन आले तेव्हापासून माझी औंढ्याच्या नागनाथावर श्रद्धा. पण त्या दिवसांत हात जोडायचे म्हणजेही एक काम वाटू लागलं होतं. माझं ऐकणारं कुणी आहे, हे मनाला पटेना. तरी सवयीनं एक मागणं तोंडात यायचं, "देवा, या म्हातारीला निवांत झोप दे."

भावकीतल्या बायका म्हणत होत्या, गेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, देऊन टाक. मी गाठोडं बांधलंही. पण एका दुपारी पाहिलं, तर आत्या त्यातला खाकी शर्ट मांडीवर घेऊन, त्यावर हात फिरवत शांत बसल्या होत्या. कितीतरी दिवसांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. वाटलं, या कपड्यांचे तुकडे जोडून अंगावर घ्यायला वाकळ शिवावी. लेकाची ऊब अंगावर असली तर कदाचित त्यांना झोप लागेल.

ठरवलं खरं, पण कात्री चालेना. शर्ट पसरायचा, घडी करायची, परत ठेवायचा. कॉलरला अजून त्यांच्या घामाचा वास होता. असे कित्येक दिवस गेले आणि गाठोडं ओसरीवर तसंच पडून राहिलं.

एका दुपारी तांड्यावरची एक बाई दारात आली. सेनगावला जायची जीप भरायला वेळ होता, म्हणून पाणी मागायला आली होती. माझ्याच वयाची असेल. पाणी पिता पिता तिनं गाठोड्याकडे आणि माझ्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं.

"कोणाचे हायेत?"

"मालकाचे. वाकळ शिवायची हाय."

"मग कात्री चालंना व्हय?"

मी मान हलवली. ती ओसरीवर टेकली. म्हणाली, "माझी बी न्हाई चालली. माझ्या पोराचे होते." मग तिनं वरचा शर्ट उचलला आणि त्याची एक बाजू माझ्यापुढे केली. "धरा तिकडून. एकटीच्यानं होत न्हाई हे."

मी धरलं. तिनं शिवण दातानं तोडली आणि आम्ही दोघींनी ओढलं. कापड टरकन फाटलं. तो आवाज ऐकला आणि माझा बांध फुटला. मालकांना नेलं तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. ती बाई समजूत घालत बसली नाही. एकेक शर्ट उचलत गेली, "धरा" म्हणत गेली, आणि मी रडत रडत धरत गेले. अड्ड्यावर हॉर्न वाजला तशी ती उठली. "शिवायचं तेवढं आता तुमचं," म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर आत्यांना सांभाळत, जमेल तसे टाके घालत मी वाकळ पुरी केली. मोठ्या आशेनं त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी ती बाजूला सारली. "कुणाची हाय ही? मला नको."

त्या क्षणी माझ्यातलं होतं नव्हतं तेवढं बळ गेलं. भिंतीला टेकून बसले आणि बसल्याजागी डोळा लागला. जागी झाले तेव्हा मी आडवी होते, डोक्याखाली आत्यांचं जुनं लुगडं होतं आणि अंगावर ती वाकळ. दिवस मावळून गेला होता. मी घाबरून उठायला गेले. आत्या माझ्या उशाशीच बसल्या होत्या. त्यांनी माझा खांदा दाबला.

"निज. लई दमलीस, लेकरा. मी हाय ना बसलेली."

त्या दिवशी त्या अड्ड्यावर गेल्या नव्हत्या. मी परत डोळे मिटले आणि लहानपणी झोपायची तशी झोपले.

दुसऱ्या दिवशी आत्या मला पुन्हा विसरल्या आणि काठी घेऊन निघाल्या. त्यांचा आजार बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण आता मी त्यांना ओढून आणत नाही. त्यांच्याबरोबर जाते, दोघी अड्ड्यावरच्या बाकावर बसतो. शेवटची जीप येते, माणसं उतरतात, पांगतात. मग त्याच म्हणतात, "चल बाई, घरला."

मी झोप मागितली होती. ती आली, फक्त कुणाला द्यायची ते देणाऱ्यानं ठरवलं. आपण मागावं आणि हात मोकळे सोडावेत, एवढंच मला त्यातून कळलं. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. औंढ्याला गेले की डोळे मिटताच आधी तीच दिसते, "धरा तिकडून" म्हणणारी. तिच्यासाठी हात जोडते, आणि मग स्वतःसाठी मागायचं काही आठवत नाही.