फिडलआजींची माणसं

फिडलआजींना कुठल्याही धुनेचं नाव विचारलं, की त्या माणसाचं नाव सांगायच्या. "ही ब्रायडीची." "ही पोस्टमनची." "ही टॉमसची. माणूस वाईट, गाढवाला काठीनं मारायचा, पण धून चांगली आहे." त्या धुनांना पुस्तकातली नावंही होती, आयर्लंडमधल्या डोंगरांची, पुलांची, कुणाकुणाच्या लग्नांची. आजींना ती ठाऊक होती, पण त्या ती घेत नसत. एकदा मी न राहवून विचारलं, की मुळात ही रचली कुणी? भाकरीचा शोध कुणी लावला असं विचारावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रचली कुणी ते कुणास ठाऊक. मला ब्रायडीनं दिली," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाजवायला लागल्या.

हेगजवळच्या झूटरमेरला आमच्या फ्लॅटची आणि त्यांच्या फ्लॅटची भिंत एकच होती. आम्ही पुण्याहून इथे आलो, त्या पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडून व्हायोलिन ऐकू आलं. माझे मामा नाटकांच्या पदांना व्हायोलिनची साथ करायचे, त्यामुळे माझे कान लगेच टवकारले. पण हे वाजवणं वेगळंच होतं, झपझप चालल्यासारखं, मध्येच ठेचकाळणारं. जिन्यात गाठ पडल्यावर मी व्हायोलिन छान वाजवता असं म्हटलं, तर त्यांनी दुरुस्ती केली, की वाद्य तेच, पण आमच्याकडे त्याला फिडल म्हणतात. माझ्या मुलीनं, इरानं, त्याच दिवशी त्यांचं फिडलआजी करून टाकलं. आजी म्हणजे काय ते समजल्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की पार्सल घेऊन आलेल्या माणसालाही तेच नाव सांगू लागल्या. तरुणपणी त्या हेगमधल्या एका इस्पितळात कामाला आल्या, ट्राम चालवणाऱ्या एका डच माणसाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पीटर ग्रोनिंगनला असायचा.

झुइडास या ऑफिसांच्या वस्तीतून काम संपवून घरी आले, की आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला जायची. आधी एक धून, मग तिचं माणूस, मग चहा, असा तिथला क्रम होता. ब्रायडी त्यांची मावशी. ती भट्टीत पाव ठेवून वाजवायला बसायची आणि पाव करपेल या धास्तीनं दुसरा भाग घाईनं संपवायची. आजीही तो भाग घाईनं वाजवत, ओव्हन बंद असला तरी. पोस्टमनची करंगळी कडबा कापायच्या यंत्रात गेली होती, म्हणून त्याच्या धुनेतला सगळ्यात वरचा सूर तो गाळायचा. आजींची पाचही बोटं शाबूत होती, तरी त्या तो सूर गाळत. मी विचारलं, की तुम्ही का नाही घेत? "मी तो सूर घेतला, तर त्याची करंगळी परत येईल. मग तो पोस्टमन राहील का?" त्या म्हणाल्या. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, साखर किती घालू असं विचारावं तसं.

दर मंगळवारी हेगच्या एका कॅफेत त्यांची मंडळी जमायची. फिडल, बासरी, एखादं अकॉर्डियन. गोलात बसायचं, कुणीतरी सुरू करायचं, बाकीच्यांनी धरायचं. मी एकदा गेले होते. टाळ्या कुणी वाजवत नव्हतं, कारण ऐकायला असं कुणी आलेलंच नव्हतं. पुढे मार्चमध्ये साथ आली, कॅफे बंद झाले, ऑफिसं बंद झाली, आमचं जेवणाचं टेबल माझं ऑफिस झालं. आजींच्या मंगळवारला जागा उरली नाही. पंधरवड्याच्या आत त्यांच्यातला बासरीवाला विम गेला. तो डच होता, पण एक आयरिश धून आजींना त्यानंच दिली होती आणि त्यांना याचं फार कौतुक होतं. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, त्यात या बसल्या नाहीत.

त्या दिवशी भर दुपारी त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं आणि उभ्यानं विमची धून वाजवली. संपली, की पुन्हा पहिल्यापासून. वरच्या मजल्यावरचा माणूस घरूनच काम करायचा. तो खाली आला आणि फ्लॅटच्या दारांपुढच्या सामाईक गॅलरीत, दारापासून लांब उभा राहून म्हणाला, की मी मीटिंगमध्ये आहे, तुमचा रियाज नंतर करा. आजी म्हणाल्या, "हा रियाज नाही. आमचा माणूस गेलाय." तो वर निघून गेला. त्यानंतर त्या बाल्कनीत वाजवायला लागल्या, की मला कळायचं, आणखी कुणीतरी गेलं. त्या वर्षी हे बऱ्याचदा झालं. धुणं वाळत घालताना माझा हात थांबायचा आणि मी वाट बघायची, की ही ओळखीची आहे का.

उन्हाळ्यानंतर जो नावाचा त्यांचा थोरला भाऊ वारला, तिकडे आयर्लंडला. विमानानं जाऊन तिथे विलगीकरणात दिवस काढेपर्यंत त्याचं सगळं उरकणार होतं. आजी माझ्याकडे आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, की तू कॉम्प्युटरमधली आहेस, मला त्या चर्चमध्ये पोचव. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या घराण्यात एक संथ धून आहे, ती फक्त घरातलं माणूस गेल्यावर वाजवतात, आणि ती मागे राहिलेल्यांतल्या थोरल्यानं वाजवायची. वडिलांसाठी, आईसाठी जोनं वाजवली होती. आजींना ती येत होती, पण त्यांनी ती आयुष्यात एकदाही वाजवली नव्हती, घरात एकट्या असतानाही नाही. हिला माणसाचं नाव नाही, त्या म्हणाल्या. ज्याच्यासाठी वाजवली जाते, तेवढ्यापुरती ती त्याची.

मी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला. तिकडे जोचा मुलगा डेक्लन फोन घेऊन चर्चच्या माइकजवळ उभा होता. आजींनी नवऱ्याच्या अंत्यविधीचा काळा पोशाख घातला होता. त्यांनी डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली. मी शेजारीच होते. इतकी सावकाश वाजवलेली धून मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती. प्रत्येक सूर जणू खालून उचलून आणावा लागत होता. आणि मग पडद्यावर डेक्लन हात हलवायला लागला. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, मधूनच नुसता एखादा तुकडा. कॉलच्या सॉफ्टवेअरला माणसाचं बोलणं तेवढं कळतं. लांबवलेला सूर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. माझ्या ते लक्षात येऊन मी आवाज गाळायची ती सोय बंद केली, तोवर धून अर्ध्याच्या पुढे गेली होती. शेवटचा भाग चर्चमध्ये पोचला. आजी थांबल्यावर मी काय झालं ते सांगितलं आणि म्हटलं, की आता आवाज जातोय, पुन्हा सुरुवातीपासून वाजवा, ते थांबतील. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एका माणसासाठी ती दोनदा वाजवत नाहीत. फिडल पेटीत ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "जोनं जन्मात कुणाचं पूर्ण ऐकून घेतलं नाही." तेवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या आणि मग कितीतरी वेळ रडत होत्या. जवळ जायचं नाही असा नियम होता. मी गेले.

हिवाळ्यात त्या स्वतः आजारी पडल्या. डॉक्टरांनी फोनवरच खोकला ऐकला आणि ॲम्ब्युलन्स पाठवली. इस्पितळात दिवसाला एकाच पाहुण्याला सोडत, ते काम पीटरनं केलं. आम्ही इरानं काढलेली चित्रं त्याच्याबरोबर पाठवायचो. लस मिळायला लागली तेव्हा आजी ऑक्सिजनवर होत्या. वसंतात त्या घरी आल्या, बारीक झालेल्या, बोलताना मध्येच शब्द हरवणाऱ्या. सगळ्यांनी सांगितलं, की थकवा आहे, डोक्यातलं हे धुकं हळूहळू निवळेल.

एका सकाळी माझी मीटिंग चालू असताना भिंतीपलीकडून पोस्टमनची धून ऐकू आली. मला इतका आनंद झाला, की मी माइक बंद करून ऐकत बसले. आणि त्या जागी, जिथे नेहमी एक पायरी गाळल्यासारखं व्हायचं, तिथे सगळ्यात वरचा सूर लागला. स्वच्छ, भरलेला. पुढच्या फेरीतही लागला. कुणीही म्हणालं असतं, की आता ही धून नीट वाजली. मीटिंग सोडून मी त्यांच्याकडे गेले.

"ही कुणाची, आजी?" मी विचारलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, तो मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग म्हणाल्या, की बोटांना येते खरी. मी त्यांना पोस्टमनचं सांगितलं, यंत्राचं, करंगळीचं, सगळं जसं त्यांनी मला सांगितलं होतं तसं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, दुसऱ्या कुणाच्या गावची गोष्ट ऐकावी तसं. "चांगला माणूस असावा," त्या म्हणाल्या.

पुढे काही महिने मी रोज जायची. त्या वाजवत, मी सांगे, की ही मावशीची, ही टॉमसची, ही विमची. कधी त्यांना ओळख पटल्यासारखी वाटायची. बहुतेकदा त्या सभ्यपणे मान डोलवायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी फिडल पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर ठेवायला मला सांगितलं. "अगं, वाजवायला लागलं की घर भरतं," त्या म्हणाल्या, "आणि त्यातलं कुणीच माझ्या ओळखीचं नसतं. भीती वाटते." मी पेटी वर ठेवली. त्यानंतर भिंतीपलीकडून टीव्ही तेवढा ऐकू यायचा.

पानं गळायला लागली तेव्हा पीटर त्यांना ग्रोनिंगनच्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेला. इरानं त्यांना डच भाषेत निरोप दिला, त्यांनी तिला इंग्रजीत उत्तर दिलं. वर्ष सरल्यावर थोड्याच दिवसांत पीटरचा फोन आला.

अंत्यविधीला मी आगगाडीनं ग्रोनिंगनला गेले. मंगळवारच्या मंडळींपैकी उरलेले आले होते, मास्क लावून, वाद्यं घेऊन. बासरीच्या जागी कुणी नव्हतं. त्यांनी आजींच्या धुना वाजवल्या आणि पीटरच्या सांगण्यावरून प्रत्येक धुनेआधी मी उभी राहून ती कुणाची ते सांगितलं. घराण्यातली ती संथ धून वाजवायला कुणी नव्हतं. ती येणाऱ्या आजी शेवटच्या.

बाहेर आल्यावर गाड्यांपाशी एक उंच माणूस माझ्यासाठी थांबला होता. तो डेक्लन होता. पडद्यावर तो जाड वाटला होता. त्यानं विचारलं, की त्या दिवशी खोलीत तुम्हीच होतात ना? मी हो म्हटलं.

"म्हणजे तुम्ही ती पूर्ण ऐकलीत."

"हो."

तो म्हणाला, की त्याला वाजवता येत नाही, त्यानं कधी शिकून घेतलं नाही, पण ती कशी होती ते जरा सांगता येईल का. माझा आवाज काही गाण्यातला नाही. वारा सुटला होता, लोक आपापल्या गाड्यांची दारं लावत होते. मी मास्क काढला आणि गुणगुणले. पहिली ओळ आली, खालून वर चढणारी. तिच्यापुढे काही केल्या काही येईना.

"मला एवढंच येतं," मी म्हटलं.

"आमच्याकडे तेवढंही नाही," तो म्हणाला आणि पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. मग तो माझ्यामागून म्हणायला लागला.