खंडेनवमीचा पाना

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. या सदरात दर वेळी कुणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई दिसते आणि मी मासिक आपटते. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसले आहे, याचा राग सगळ्यांत जास्त मलाच येतोय. पण जे झालं ते झालं... आणि ते भर दुपारी झालं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत, भेस्तानला राहत होतो. दोन खोल्या, पुढे छोटंसं अंगण. आमचे हे बारडोलीला एका कचेरीत कामाला, म्हणून घरात फटफटी. ती मुळात सासऱ्यांची. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. अमळनेरकडचे, मिलमध्ये फिटर, आणि तोंडाने फटकळ — माझ्याइतकेच. त्यांचं-माझं रोज वाजायचं. पण पुढचं चाक परत बसवायचं असलं की ते उचलून धरायला त्यांना मीच लागायची, कारण यांचं लक्ष ठिकाणावर नसे. आधी चाकातून आस घालायचा, मग आसाचा मोठा नट आवळायचा. मग गाडीवर बसून, पुढचा ब्रेक धरून फोर्क, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे पुढचे दांडे, चांगला खाली-वर दाबायचा, म्हणजे आस आपल्या जागी सरळ बसतो. आणि सगळ्यांत शेवटी, फोर्कच्या पायथ्याशी आसाला चिमटीत धरणारा छोटा बोल्ट. यांनी एकदा घाईत तो बोल्टच आधी आवळला, तर आबा गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले होते, "पहिले दाब, मंग आवळ!"

आबा गेले त्याच्या पुढच्या वर्षीचा दसरा. खंडेनवमीला यांनी पुढचं चाक काढलं, धुतलं, नवं ग्रीस भरलं. एवढ्यात मुहूर्त टळतोय म्हणून सासूबाईंनी आबांचे सगळे पाने उचलून नेले, पुढच्या खोलीत पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, एकेकावर झेंडूचं फूल ठेवलं. आमच्यात हत्यारं एकदा पूजेला बसली की दसऱ्याला सोनं वाटून घरी येईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. आता चाक बाहेर आणि पाने पाटावर! यांनी काय करावं? चाक चढवलं, आस घातला, नट हाताने फिरवला आणि मोकळे झाले. मी स्वयंपाकघरात होते, मला सांगितलंसुद्धा नाही.

दसऱ्याच्या दुपारी गोडादऱ्याला नणंदेकडे सोनं द्यायला निघालो. गाडीला झेंडूची माळ, आमची चार वर्षांची पोर हॅण्डल धरून टाकीवर बसलेली. माळेतलं एक फूल चाकाशी पडलं, ते उचलायला मी वाकले. का कोण जाणे, नटाला बोटं लावली... तर नट फिरला! नुसत्या बोटांनी!

"अहो, हा सैल आहे!"

"हाताने बसवलाय. पाने पूजेत आहेत ना," हे म्हणाले. "हळू नेतो. चालशे!"

हे यांचं चालशे! सुरतेत येऊन आमच्या ह्यांनी एवढा एकच गुजराती शब्द मनापासून उचलला. छप्पर गळतंय, चालशे. पोरीला ताप आहे, चालशे. अहो, पुढे हमरस्त्यावर ट्रकांची रांग! चाक निसटलं तर सगळ्यांत आधी तोंडावर आपटणार होती ती टाकीवरची पोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीला ओढून काखोटीला मारलं आणि तडक घरात शिरले. हे माझ्या मागोमाग आत आले.

सासूबाई पाटाला पाठ करून आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावू नको वं! पूजा मांडेल शे. देव कोपी!"

"कोपू दे! पोरीला काही झालं तर देव परत आणून देणार आहे का?"

सणासुदीला असं अभद्र बोलले, हो. बोलले! मग आमची तिघांची जुंपली. पोर माझ्या कडेवर रडत होती. उघड्या दारातून गाडी मला समोर दिसत होती, फाटकाला कडी होती, अंगणात चिटपाखरू नव्हतं.

शेवटी सासूबाईंना बाजूला सारून मी मोठा पाना उचलला. त्याच्यावरचं फूल खाली पडलेलं होतं. पान्याच्या तोंडावरचं कुंकू पुसलं गेलं होतं आणि तिथे ग्रीस लागलं होतं, ताजं, पिवळसर. शेजारचा छोटा पाना मात्र फुलासकट जसाच्या तसा.

बाहेर येऊन पाना नटाला लावला. नट हलेना. अंगातला सगळा राग काढून जोर लावला, तरी तसूभर हलला नाही. त्याच्या कडांना कुंकू लागलं होतं. यांनी माझ्या हातून पाना घेतला. त्यांनाही हलेना. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग मी फोर्कचा तो छोटा बोल्ट पाहिला. तो सैलच होता.

सासूबाई उंबऱ्यात बसून रडायला लागल्या. मी पदर खोचून गाडीवर बसले, ब्रेक धरला आणि फोर्क दाबला. मग छोटा पाना आणून बोल्ट आवळला. गोडादऱ्याला गेलो, सोनं दिलं, परत आलो. पोर वाटभर टाकीवर गात होती.

हे आजही म्हणतात, नट आधीच घट्ट असेल, कुंकू गाडीच्या पूजेचं उडालं असेल. असेल, असेल! मग माझ्या बोटांनी काय फिरवलं होतं? आणि तुमचा चेहरा का उतरला होता? याची चीड माझ्या मनातून अजून जात नाही.

एक गोष्ट मात्र मला बरीच वर्षं छळत होती. ज्याने कुणी तो नट आवळला, त्याने बोल्ट का सोडला? आबा काम अर्धवट टाकणाऱ्यांतले नव्हते. आलातच, तर पुरं करून जायला काय झालं होतं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे. मग एकदा भांडी घासताना लक्षात आलं, आणि हात थांबले. बोल्ट आवळायच्या आधी फोर्क दाबावा लागतो. आणि फोर्क दाबायला अंगाला वजन लागतं.